परवान्यावरचा ‘संरक्षण’ हा शब्द

कोकणातल्या बागायतदाराच्या घरी बंदुकीचा परवाना बहुधा सातबाऱ्याच्या आणि घरपट्टीच्या पावत्यांबरोबर एकाच पिशवीत असतो. त्यात उद्देशाचा एक रकाना आहे. कुणाच्या परवान्यावर तिथे ‘शेतीसंरक्षण’ लिहिलेलं असतं, कुणाच्या ‘आत्मसंरक्षण’. बंदूक बाळगणारी बहुतेक माणसं हा शब्द म्हणजे बंदूक चालवायची मुभा आहे असं धरून चालतात. तो तसा नाही. तो तिथे कुठून आला आणि बंदूक वापरायला शिकण्याशी त्याची सांगड इतक्या उशिरा का घातली गेली, हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे परवान्यासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राबद्दल गावोगाव चाललेली चर्चा. ती फक्त कागद कुठे मिळेल एवढ्यावरच अडली आहे.

जुना भाग थोडक्यात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घेतली आणि १८७८ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती, इथल्या माणसाला नव्हती. हा सल इतका खोल होता की १९३१ मध्ये काँग्रेसच्या कराचीच्या अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना १८६१ पासून मिळालेली सूट आजही चालू आहे, २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. आपल्याकडे अशी सूट कुणालाच नाही.

आज लागू असलेला शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तो नीट वाचला तर आजच्या समजुतीपेक्षा बराच उदार वाटतो. सुऱ्या, भाले, धनुष्यबाण अशा गोष्टी परवान्याच्या कचाट्यातून बाहेर काढणं हा त्याचा एक उघड हेतू होता. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक हवी असेल, तर परवाना ‘द्यावा’ अशी तिथली भाषा आहे. बाकीच्या हत्यारांसाठी ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. रिव्हॉल्व्हरच्या अर्जाला जो त्रास होतो आणि बारा बोअरला, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीला, त्या मानाने कमी होतो, त्याचं मूळ या फरकात आहे.

‘संरक्षण’ आणि ‘पीकसंरक्षण’ हे दोन शब्द परवान्यावर आले ते याच कलमातून. हेच कलम प्रशिक्षणाबद्दल मात्र काही बोलत नाही. मूळ कायद्यात शिकण्याचा उल्लेख आहे तो वयाच्या कलमात, तोही लहानांपुरता: ठरलेल्या वयाच्या मुलाला प्रशिक्षणाच्या काळात, ठरलेल्या अटींवर, ठरलेली बंदूक वापरता येईल. मोठ्या माणसाला बंदूक हाताळता येते असं कायद्याने गृहीतच धरलं. त्या काळी ते अगदीच चुकीचं नव्हतं. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ ची रायफल हाताळलेले, होमगार्डमध्ये दिवस काढलेले, लष्करातून निवृत्त होऊन आलेले लोक गावागावांत होते. ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांचं शिक्षण घरातच व्हायचं.

ते कसं व्हायचं ते मी पाहिलं आहे. आजोबा नळीत मापाने दारू ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासणं, मग छर्रे, पुन्हा बोळा. केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टोपी, शेवटी, तीही रानात पोचल्यावर. घरात भिंतीवरची बंदूक भरलेली असली तरी तिच्यावर केप कधी नसायची. केपांची डबी वेगळी, ती त्यांच्या कमरेला. ‘भरलेली आसा, हात लावू नको,’ हे वाक्य रिकाम्या बंदुकीबद्दलही ते तितक्याच गंभीरपणे म्हणायचे. एका पावसाळी संध्याकाळी केप फुटली पण बार झाला नाही. मी बघायला पुढे सरकलो, तसं त्यांनी कोपराने मला मागे ढकललं. नळी होती तशीच बांधाकडे धरून ते उभे राहिले. काही क्षणांनी बार झाला. दमट दारू उशिरा पेट घेते आणि त्या काही क्षणांत नळीचं तोंड हलवायचं नसतं, हा धडा मला कुठल्या पुस्तकाने दिलेला नाही.

हे शिक्षण ज्या घरांत होतं तिथे ते उत्तम होतं. नव्हतं तिथे काहीच नव्हतं. ठासणीची बंदूक एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं, म्हणून ती भरलेलीच टांगून ठेवायची सवय लागते. आणि रात्रीच्या शिकारीत झाडीतली हालचाल डुकराची समजून सोबत्यालाच छर्रे लागल्याची बातमी कोकणात नवीन नाही. अशा बातम्यांखालची चर्चा नेहमी परवाना होता की नव्हता यावर थांबते. नळीसमोर नक्की काय आहे हे दिसल्याशिवाय चाप दाबायचा नाही, हे त्या माणसाला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न विचारला जात नाही.

आता ‘संरक्षण’ या शब्दाच्या गुंत्याकडे. यात तीन वेगवेगळे कायदे एका शब्दात अडकले आहेत, आणि परवानाधारकाला सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

शस्त्र कायद्याचा परवाना बंदूक बाळगायला देतो. ती कुणावर झाडायचा हक्क त्यातून येत नाही. माणसावर हत्यार उचलायचा हक्क येतो तो फौजदारी कायद्यातल्या खासगी बचावाच्या कलमांतून. ती आधी दंड संहितेत ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. हा हक्क परवाना असलेल्याला जितका, तितकाच हातात कोयता किंवा काठी असलेल्यालाही. ‘आत्मसंरक्षण’ असा शिक्का असल्यामुळे त्यात रतिभरही भर पडत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. समोरच्याचा जीव जाईल इतकं पाऊल उचलायचं, तर जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराचा किंवा अपहरणाचा हल्ला, २०१३ पासून ॲसिडहल्ला, अशी मोजकी कारणं कायद्यात सांगितली आहेत.

मालमत्तेच्या बाबतीत तर मर्यादा आणखी कडक. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं ही कारणं आहेत. नुसत्या चोरीसाठी जीव घेता येत नाही, त्या चोरीतून आपल्या जिवाला धोका आहे अशी रास्त भीती असावी लागते. आता हे आपल्या बागेत आणून बघा. रात्री कुणी नारळ पाडतोय किंवा काजूच्या बिया गोळा करतोय. तुमच्याकडे परवाना आहे, त्यावर ‘संरक्षण’ लिहिलं आहे, जमीन तुमची आहे. तरीही त्या माणसावर गोळी झाडलीत तर आरोपी तुम्ही. तो पळायला लागला आणि जिवाची भीती सरली, की ठार मारण्याचा हक्कही सरला. नव्या संहितेने ‘रात्री’ऐवजी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अशी नेमकी वेळ घातली आहे, पण ती घरफोडीला लागू आहे, बागेतल्या चोरीला नाही.

न्यायालयं इथे पुष्कळ समजूतदार राहिली आहेत, हेही सांगायला हवं. हल्ला होत असताना माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा नाही, हे वरच्या न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. २०१० मध्ये देशातल्या सर्वोच्च पातळीवर या हक्काची तत्त्वं एका निकालात एकत्र मांडली गेली. भित्रेपणाने पळून जाण्याचं बंधन कायदा घालत नाही, पण बचाव सूडात बदलता कामा नये, असा त्याचा गाभा. तो निकाल परवानाधारकाच्या हातात कधी पडत नाही. वकिलाच्या हातात पडतो, तोही गुन्हा नोंदल्यावर.

तिसरा कायदा १९७२ चा, वन्यजीवांचा. ‘शेतीसंरक्षण’ हा शब्द इथे सगळ्यात जास्त फसवतो. ठासणीची बंदूक पीक राखायला म्हणून दिली जाते, पण पीक खाणारं डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, गवा आणि बिबट्या पहिल्या, म्हणजे सर्वात जास्त संरक्षणाच्या, अनुसूचीत. म्हणजे सरकारचा एक हात बंदूक देतो आणि दुसरा हात ती वापरू देत नाही. माझ्या मते हा शेतकऱ्यावरचा अन्याय आहे आणि परवाना देतानाच तो उलगडून सांगायला हवा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हे त्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. मात्र तिथेही जिवाचा बचाव आहे, पिकाचा नाही. आणि तुम्ही मुळात बेकायदा शिकारीला निघाला असाल आणि डुक्कर अंगावर आलं, तर ही सवलत मिळत नाही. असा मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो. त्याचं मटण वाटून घेतलं की बचावाचा सगळा दावा कोसळतो.

या गुंत्यावर खरा उपाय प्रशिक्षण हाच होता. तो यायला २०१६ उजाडलं. १९८३ च्या दुरुस्तीने परवान्याचं किमान वय सोळावरून एकवीस केलं, एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका ठरवल्या. देशात तेव्हा जे वातावरण होतं त्यात सगळा भर हत्यारं कमी करण्यावर होता. परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीही पुढे आल्या. बंदूक कुणाकडे आहे हे सरकारला कळू लागलं, त्याला ती येते का हा प्रश्न तसाच राहिला.

जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांत दहावा नियम आला: अर्जदाराने शस्त्र आणि दारूगोळ्याच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण पूर्ण केलं पाहिजे. त्यात काय हवं तेही लिहिलं आहे. बंदूक सुरक्षित ठेवणं आणि नेणं, हाताळणं, भरणं, रिकामी करणं, देखभाल, आणि सुरक्षिततेबद्दलची वृत्ती. त्याचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात. सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी मिरवायची नाही, वस्तीत झाडायची नाही, हेही याच नियमांत आलं. ‘सुरक्षिततेबद्दलची वृत्ती’ हे शब्द सरकारी नियमात वाचून मला मनापासून बरं वाटलं होतं.

पण यादीत दोन गोष्टींना पुरेशी जागा मिळाली नाही. एक, बार कधी काढायचा नाही, म्हणजे वर सांगितलेला सगळा कायदा. दुसरी, सराव. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली, एका वेळी किती आणि वर्षाला किती. सरावाला अधिकृत मैदान हवं. मुंबईत वरळी आहे, पुण्यात बालेवाडी आहे. राज्यात नेमबाजीचा खेळ जोरात आहे, कोल्हापूरकडच्या एका मुलाने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. मात्र खेळाच्या मैदानावर शिकवली जाते ती स्थिर उभं राहून, उजेडात, कागदावर मारायची नेमबाजी. कोकणात दोडामार्गातल्या माणसाला हवी असते ती रात्री दार वाजल्यावर बंदुकीला हात न लावता आधी दिवा लावायची आणि फोन करायची सवय. माझ्या ओळखीतल्या एका नव्या परवानाधारकाचं प्रशिक्षण एका दुपारी संपलं. त्यात त्याने स्वतः एकही बार काढला नाही. प्रमाणपत्र फाइलला लागलं.

मग निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हे कोकणात इतकं अंगवळणी पडलं आहे की तो कायदाच आहे असं लोक समजतात. निवडणूक यंत्रणेच्या सूचना बघितल्या तर तिथे सरसकट सगळ्यांच्या बंदुका घ्या असं नाही. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, दंगलीत पूर्वी नाव आलेले, अशांच्या परवान्यांची एकेकाची छाननी करा असं आहे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला आणि छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करून मगच जमा करायला सांगावं, ही पद्धत पक्की झाली. तरी आमच्याकडे निरोप सगळ्यांनाच येतो. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये, म्हणजे काजू उतरण्याच्या आणि आंबा काढणीच्या हंगामात. शेतीसंरक्षणाची बंदूक शेतीला हवी असते नेमकी तेव्हा ती ठाण्यात असते. आमची एकदा परत आली तेव्हा नळीत गंज होता आणि दस्त्याला बांधलेली चिठ्ठी दुसऱ्याच नावाची होती. ठाण्याचं नाव घेत नाही, तिथल्या शिपायाने खजील होऊन चिठ्ठी बदलून दिली.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. वरातीतला बार आता गुन्हा आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा अजूनही होते. आमच्या घरी त्या दिवशी बंदूक पाटावर येते, नळीला तेल लागतं, झेंडू वाहतात. पूजेआधी गज आत घालून नळी रिकामी आहे ना हे आता माझी पुतणी बघते. तिचं वय सतरा, म्हणजे परवान्याला अजून चार वर्षं.