म्यूलिएब्रिटी

म्यूलिएब्रिटी हा ‘स्त्रीत्व’, ‘बाईपण’ या अर्थाचा इंग्रजीतला जुना शब्द. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. आज तो वापरातून जवळजवळ गेला आहे. लॅटिनमध्ये ‘मुलिएर’ म्हणजे स्त्री. त्यावरून ‘मुलिएब्रिस’ हे विशेषण आणि ‘मुलिएब्रितास’ हे भाववाचक नाम झाले. त्याचेच हे इंग्रजी रूप.

‘मुलिएर’ कुठून आला हे पक्के ठरलेले नाही. स्पेनमधल्या सेव्हिलचा विद्वान बिशप इसिदोर याने सातव्या शतकात त्याचे मूळ ‘मोलितिएस’ म्हणजे मऊपणा असे सांगितले. बाई नाजूकच, हे आधी ठरवायचे आणि मग शब्दाला तसे मूळ चिकटवायचे, असा हा प्रकार. भाषाशास्त्राला तो मान्य नाही, पण त्याचा पगडा फार काळ राहिला. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’ नाटकात ज्योतिषी भविष्यवाणीतल्या ‘कोमल वाऱ्या’चा अर्थ लावतो तो असाच: ‘मोलिस आएर’, म्हणजेच ‘मुलिएर’, म्हणजे नायकाची पत्नी.

पुरुषासाठी लॅटिनमध्ये ‘विर’. आपला ‘वीर’ त्याचाच भाऊबंद. ‘विर’वरून ‘विर्तुस’ झाला, म्हणजे शौर्य आणि सद्गुणही. इंग्रजीतले ‘व्हर्च्यू’ आणि ‘व्हिरिलिटी’ याच घरचे. ‘मुलिएब्रिस’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पुरुषाला तो शब्द लावला की हिणवणेच, जसे मराठीत ‘बायकी’. सन्मानाची एक जागा मात्र होती. आई वेतुरिया आणि पत्नी व्होलुम्निया यांनी विनवून कोरिओलानस या रोमवर उलटलेल्या रोमन सेनापतीला रोमवर चालून येण्यापासून परतवले, त्या आठवणीत उभे राहिलेले ‘फोर्तुना मुलिएब्रिस’, म्हणजे स्त्रियांच्या भाग्यदेवतेचे मंदिर.

इंग्रजीला या उसन्या शब्दाची तशी गरज नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे कोणतीही स्त्री, केवळ पत्नी नव्हे. ‘मिडवाइफ’मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे. ‘वीफमन’चे पुढे ‘वुमन’ झाले आणि ‘वुमनहुड’चे जुने रूप चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या लेखनातही आढळते. घरचा, तोंडात बसलेला शब्द असताना विद्वानांचा शब्द पुस्तकाबाहेर फारसा पडला नाही.

इंग्लंडच्या कायद्यात मात्र ‘मुलिएर’ने वेगळेच वळण घेतले. जुन्या फ्रेंचमधून तो ‘लग्नाची बायको’ या अर्थाने आला आणि तिच्या पोटी जन्मलेल्या औरस अपत्यालाच लागू लागला. एकाच जोडप्याचा थोरला मुलगा लग्नाआधीचा आणि धाकटा लग्नानंतरचा असेल, तर वारशाच्या वादात धाकट्याला ‘मुलिएर’ म्हणत.