प्रोग्रामचा सातबारा

ठाण्या-नवी मुंबईतल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर हात बसवलेली एक मोठी पिढी आहे. इंटेलने १९७६ साली आणलेला हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर. किटवर हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या बटणांचा की-पॅड आणि लाल आकड्यांचा छोटा डिस्प्ले असायचा. प्रोग्राम चढवायचा तर आधी वहीत तीन रकाने आखायचे : मेमरीतला पत्ता, ऑपकोड (सूचनेचा आकड्यांतला कोड) आणि निमॉनिक (त्याच सूचनेचं अक्षरी लघुरूप). पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातून एकेक ऑपकोड शोधायचा, बाइट मोजत पत्ते लिहायचे आणि मग बटणं दाबायला बसायचं.

निमॉनिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामचे मशीनचे आकडे करून देणारा प्रोग्राम म्हणजे असेंबलर. वहीतलं हे पान तो स्वतः तयार करतो, तेव्हा त्याला लिस्टिंग फाइल म्हणतात. कुठल्या गटात काय आहे ते सातबाऱ्यावर कळतं, तसं मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर काय आहे ते लिस्टिंगवर कळतं. असेंबलरकडून मिळणारी मुख्य फाइल ऑब्जेक्ट किंवा हेक्स असते. ती मशीनसाठी असल्यामुळे आपल्याला तिच्यात नुसते आकडे दिसतात. सोर्स फाइल, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम, माणसासाठी असते, तिथे बाइट दिसत नाहीत. दोन्ही बाजू एकाच ओळीत दाखवणारी फाइल म्हणजे लिस्टिंग, आणि नेमकी तीच बहुतेक जण उघडून बघत नाहीत.

एक छोटा प्रोग्राम बघू. मेमरीत २५०० या पत्त्यापासून ओळीने ठेवलेल्या सोळा संख्यांची बेरीज करायची आहे आणि उत्तर एका बाइटमध्ये मावतं. विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रोग्रामची लिस्टिंग अशी आली :

२०००　२१ ०० २५　एलएक्सआय एच, २५००एच
२००३　०६ ०ए　एमव्हीआय बी, १०
२००५　एएफ　एक्सआरए ए
२००६　८६　पुन्हा: एडीडी एम
२००७　२३　आयएनएक्स एच
२००८　०५　डीसीआर बी
२००९　सी२ ०६ २०　जेएनझेड पुन्हा
२००सी　३२ ०० २६　एसटीए २६००एच
२००एफ　७६　एचएलटी

असेंबलरने एकही एरर दिली नाही, तरी बेरीज चुकते. सोर्स कितीही वेळा वाचा, डोळ्याला काही खटकत नाही. किती संख्या मिळवायच्या ते सांगणाऱ्या, लिस्टिंगच्या दुसऱ्या ओळीवर मात्र नजर थांबते. हवं होतं ०६ १०, आणि आलंय ०६ ०ए; हेक्समध्ये ०ए म्हणजे दहा. किटवर १० दाबलं की ते हेक्समधले १०, म्हणजे सोळा. असेंबलर मात्र नुसत्या १० चा अर्थ दशमान दहा असा घेतो. सोळा हवे असतील तर १०एच असं लिहावं लागतं. त्यामुळे मशीनने दहाच संख्या मिळवल्या आणि ते थांबलं. किटवरून असेंबलरकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो. तासभर सोर्स चाळून जे सापडत नाही, ते बाइटच्या रकान्यात लगेच दिसतं.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जेएनझेड या उडीच्या सूचनेपुढे ०६ २० आहे, पण जिथे उडी मारायची त्या ‘पुन्हा’ या लेबलचा, म्हणजे त्या जागेला दिलेल्या नावाचा, पत्ता तर २००६. ८०८५ मध्ये पत्त्याचा खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर ठेवतात, म्हणून ही उलटापालट. पुस्तकात हा नियम एका वाक्यात उरकलेला असतो. लिस्टिंगमध्ये तो तीन ठिकाणी डोळ्यांसमोर येतो आणि कायमचा लक्षात राहतो.

पत्ता आणि बाइट हे दोन रकाने बहुतेक असेंबलरमध्ये एका दमात तयार होत नाहीत. वरच्या प्रोग्राममध्ये उडी मागे, आधीच येऊन गेलेल्या लेबलकडे आहे, म्हणून ते सोपं. उडी पुढच्या लेबलकडे असेल, तर ते लेबल कुठे येणार हे असेंबलरला त्या क्षणी ठाऊक नसतं. म्हणून तो सोर्स दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत प्रत्येक सूचना किती बाइट घेणार एवढंच मोजतो, पत्ते पुढे सरकवतो आणि लेबलं तक्त्यात टिपून ठेवतो. दुसऱ्या फेरीत त्या तक्त्यातून पत्ते उचलून बाइट भरतो. हा लेबलांचा तक्ता बऱ्याचदा लिस्टिंगच्या शेवटी छापलेला असतो. एखादं लेबल भलत्याच पत्त्यावर दिसलं, तर त्याच्या आधीच कुठेतरी बाइट वाढले किंवा गळाले आहेत हे ओळखावं.

लिस्टिंगची खरी किंमत कळते ती कारखान्यात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात मशीनची कंट्रोल पॅनल बनवणारे आणि दुरुस्त करणारे बरेच जण आहेत. जुन्या पॅनलमध्ये १९८० च्या ८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर सापडतो आणि शेजारी प्रोग्राम साठवणारी, काचेची खिडकी असलेली ईप्रॉम चिप, खिडकीवर स्टिकर. ही चिप अतिनील प्रकाशाने पुसली की तिचे सगळे बिट १ होतात, म्हणजे प्रत्येक बाइट एफएफ. प्रोग्राम चढवताना १ चा ० करता येतो, ० चा १ मात्र चिप पुसल्याशिवाय होत नाही. आणि ८०५१ मध्ये ‘काहीही करू नकोस’ या सूचनेचा, म्हणजे एनओपीचा, कोड आहे ००. त्यामुळे एखादी सूचना बाद करायची असेल, तर चिप न पुसता त्या जागी शून्यं भरता येतात! समजा, काढून टाकलेल्या सेन्सरची वाट बघणाऱ्या सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्याला, जाणारी तीन बाइटची एलकॉल सूचना ०१४७ वर आहे. ०१४७, ०१४८ आणि ०१४९ वर ०० लिहिलं की कंट्रोलर तिथून सरळ पुढे जातो. प्रोग्राम सुरुवातीला स्वतःची चेकसम (बाइटची पडताळणीसाठीची बेरीज) तपासत असेल, तर तिचाही हिशेब बघावा लागतो. पण ०१४७ हा पत्ता कळणार कुठून? सोर्स आणि तो असेंबल करणारा जुना पीसी दोन्ही कधीच गेलेले असतात. अशा वेळी फाइलमध्ये लावून ठेवलेली लिस्टिंगची प्रिंट हाताशी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अपोलो ११ चं आहे. १९६९ साली चंद्राकडे गेलेल्या दोन यानांचे प्रोग्राम, मुख्य यानातला कोमॅन्ची ५५ आणि चांद्रयानातला ल्युमिनरी ९९, आज कुणालाही वाचायला मिळतात ते असेंबलरच्या छापील लिस्टिंगमुळे. अपोलोच्या यानांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन यांचा स्वतःच्या उंचीच्या कागदी चळतीशेजारचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. ती चळत अशाच लिस्टिंगची. एमआयटीच्या संग्रहालयातले कागद स्कॅन करून हौशी लोकांनी ते ओळीन्ओळ टाइप केले. एवढ्या मजकुरात टायपिंगच्या चुका होणारच. पण प्रत्येक ओळीशेजारी मशीनचा ऑक्टल, म्हणजे ० ते ७ अंकांत लिहिलेला, आकडा छापलेला होता. टाइप केलेला सोर्स नव्याने लिहिलेल्या असेंबलरमधून काढून आलेले आकडे त्या आकड्यांशी ताडून बघता आले. नुसता सोर्स छापलेला असता, तर ही पडताळणी करता आली नसती.

आजची साधनंही हीच मांडणी करतात. प्रोग्रामर मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेल्या कंपायलर एक्स्प्लोरर या वेबसाइटवर डावीकडे सी प्लस प्लस आणि उजवीकडे त्यातून निघालेलं असेंब्ली दिसतं.

लिस्टिंग मिळवायला फारसं काही करावं लागत नाही. नॅझम या असेंबलरला ‘-एल’ आणि पुढे फाइलचं नाव द्यायचं, जीएनयूच्या असेंबलरला ‘-एएल’. आपल्या कॉलेजांमध्ये ८०५१ साठी वापरतात तो कीलचा ए-५१ असेंबलर ती आपण होऊनच बनवतो, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एलएसटी नावाने. एक पथ्य मात्र पाळावं. प्रोग्राम अनेक फाइलींचा असेल, तर प्रत्येक लिस्टिंगमधले पत्ते बहुधा शून्यापासून सुरू होतात, कारण कोणता तुकडा मेमरीत कुठे बसणार हे सगळे तुकडे जोडणारा लिंकर नंतर ठरवतो. असे अजून न ठरलेले पत्ते नॅझम चौकटी कंसात दाखवतो. चिपमधल्या बाइटशी ताळा घालायचा असेल, तर कोणता तुकडा कुठे बसवला ते सांगणारी लिंकरची मॅप फाइल शेजारी उघडावी, त्या तुकड्याचा सुरुवातीचा पत्ता घ्यावा आणि लिस्टिंगमधल्या पत्त्यात मिळवावा.