सर्व्हरच्या घड्याळांतील तफावत (डेटाबेस रेप्लिकेशन)

एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर असताना (यालाच रेप्लिकेशन म्हणतात) त्या सर्व्हरची घड्याळे मागेपुढे झाल्याने नोंदींचा क्रम बिघडतो. तो बिघाड टाळण्याच्या उपायांचा हा विषय.

संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. त्यात दशलक्षात 20 भागांची चूक असली, तरी दिवसाला सुमारे 1.7 सेकंदांचा फरक पडतो. तापमानानेही हा वेग बदलतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर चढतो, तेव्हा एसी बंद पडलेल्या खोलीतल्या सर्व्हरकडे लक्ष हवेच.

समजा, केळीच्या एका पेढीचे रावेर आणि धुळे येथे सर्व्हर आहेत आणि दोन्हीकडून भाव बदलता येतो. धुळ्याचे घड्याळ 8 सेकंद पुढे आहे. तिथे 10:00:00 वाजता चुकीचा भाव भरला गेला. नोंदीवर वेळेचा शिक्का पडला 10:00:08 चा. पाच सेकंदांनी रावेरहून तो दुरुस्त झाला, शिक्का 10:00:05. ‘शेवटची नोंद खरी’ हा नियम असेल तर चुकीचा भाव टिकतो आणि दुरुस्ती पुसली जाते. एररही येत नाही. खरा धोका इथेच आहे. अशा ठिकाणी भाव बदलण्याचा अधिकार एकाच सर्व्हरकडे ठेवणे उत्तम. कॅसँड्रा हा डेटाबेस ‘शेवटची नोंद खरी’ याच नियमाने चालतो, म्हणून तिथे घड्याळे जुळलेली असणे अत्यावश्यक ठरते.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एकतर्फी रेप्लिकेशनमध्ये क्रम बायनरी लॉगवरून, म्हणजे मूळ सर्व्हरने क्रमाने लिहिलेल्या बदलांच्या नोंदवहीवरून ठरतो, त्यामुळे तफावतीने डेटा सहसा बिघडत नाही. मात्र प्रत किती सेकंद मागे आहे हा आकडा फसवू शकतो: दोन घड्याळांतला फरक रेप्लिकेशन सुरू होताना एकदाच मोजला जातो, नंतर घड्याळ हलले तर हिशेब चुकतो.

घड्याळे जुळवण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेला एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) वापरतात. डेटाबेस चालू असताना घड्याळ एकदम मागे ढकलू नये. क्रोनीसारखा प्रोग्राम त्याचा वेग किंचित बदलून फरक हळूहळू भरून काढतो. भारतीय प्रमाणवेळ युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असणे ही वेगळी बाब. वेळेची साठवण युटीसीत करावी.

तरीही क्रमाचा निवाडा निव्वळ घड्याळावर सोपवू नये. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये वेळेऐवजी वाढत्या क्रमांकांनी घटना लावण्याची रीत दिली. गूगलचा स्पॅनर हा डेटाबेस घड्याळातली अनिश्चितता मोजतो आणि ती सरेपर्यंत थांबूनच व्यवहार पक्का करतो. कॉकरोचडीबी या डेटाबेसमध्ये तफावतीची मूळ मर्यादा 500 मिलिसेकंद असते. किमान निम्म्या सोबती सर्व्हरशी फरक त्या मर्यादेच्या जवळ गेला की तो सर्व्हर स्वतःहून बंद होतो.