बोनी सरोवरातील चलनक्षम शैवाले

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो शुष्क दऱ्यांपैकी टेलर दरीतल्या बोनी सरोवरात, कायमच्या बर्फाखाली अत्यंत मंद प्रकाशावर जगणारी एकपेशीय शैवाले. चाबकासारख्या कशाभिकांच्या साहाय्याने ती पोहतात.

सरोवर सुमारे ४० मी. खोल असून त्यावर साधारण ३ ते ४ मी. जाडीचा बर्फ असतो. उन्हाळ्यात फक्त काठालगतचा बर्फ वितळतो. वरून येणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा पाच भागही बर्फातून खाली पोचत नाहीत. त्यातला लाल भाग लवकर शोषला जातो आणि खोलवर उरतो तो निळा-हिरवा उजेड. हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवतच नाही.

अंधाराइतकीच मोठी अडचण पाण्याच्या निश्चलतेची आहे. उघड्या तळ्यात बुडू लागलेल्या पेशीला वाऱ्याने घुसळलेले पाणी पुन्हा वर आणते. इथे बर्फामुळे पाण्याला वारा लागत नाही. शिवाय तळाचे पाणी खारट व जड असल्याने थर एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणजे एकदा खाली गेलेली पेशी अंधारात कायमची गेली. प्रकाश वरून येतो, पोषकद्रव्ये मात्र खालून हळूहळू झिरपत वर चढतात, आणि दोन्ही जेमतेम मिळतील अशा थरात टिकून राहायचे तर पोहता आलेच पाहिजे. क्लॅमिडोमोनस प्रजातीतील शैवालांत प्रकाशाची दिशा ओळखणारा नारिंगी नेत्रबिंदू असतो. पोहताना पेशी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हा बिंदू चारी बाजूंचा उजेड चाचपत जातो.

अन्नाच्या बाबतीत मात्र सगळ्यांची रीत एक नाही. क्रिप्टोफाइट गटातील शैवाले मिश्रपोषी आहेत : प्रकाशसंश्लेषण करतात आणि जिवाणूही गिळतात. त्याच दरीतल्या फ्रिक्सेल व होर सरोवरांत हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे. वनस्पती की प्राणी, हा शाळेतला प्रश्न त्यांच्यापुढे निरर्थक ठरतो.

याउलट क्लॅमिडोमोनस प्रिस्कुई हे शैवाल केवळ प्रकाशावर जगते. १९९०च्या दशकात १७ मी. खोलीवरच्या नमुन्यातून ते वेगळे केले गेले. बरीच वर्षे ते ‘यूडब्ल्यूओ २४१’ या क्रमांकानेच ओळखले जाई; पुढे अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉन प्रिस्कू यांच्यावरून त्याला नाव मिळाले. त्याचा थर खारट आहे, तापमान ४ ते ६° से., आणि उजेडाचा रंग फारसा बदलत नाही. प्रकाश बदलला की त्याची वाटणी दोन प्रकाशप्रणालींमध्ये (प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश पकडणाऱ्या पेशीतल्या दोन यंत्रणांमध्ये) नव्याने करण्याची सोय इतर क्लॅमिडोमोनसांत असते. ती या जातीने गमावली आहे, बहुधा गरजच न उरल्याने. लाल प्रकाशाशीही तिला नीट जुळवून घेता येत नाही. त्याऐवजी पहिल्या प्रकाशप्रणालीभोवती इलेक्ट्रॉनांचे चक्र जोरात फिरवून ती जास्तीची ऊर्जा मिळवते. खारट पाण्यात तगण्यासाठी ही ऊर्जा उपयोगी पडते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या याच शैवालाच्या पेशी ध्रुवीय रात्रीपूर्वी सरोवरात टांगून ठेवल्या होत्या. उजेड ओसरू लागला तसे त्यांनी प्रकाशसंश्लेषणाचे काम आवरते घेतले.