लिंडी हॉप मेलाच नव्हता

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला सॅव्हॉय बॉलरूम हा नृत्यगृह 1958 साली बंद पडला, तिथे नाचला जाणारा लिंडी हॉप हा स्विंग संगीतावरचा जोडीनृत्याचा प्रकार संपला आणि 1980च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणांनी तो पुन्हा शोधला, ही कथा चुकीची आहे. ब्रिटिश संशोधक टेरी मोनाहन (निधन 2011) यांनी ती खोडून काढायला अनेक वर्षं खर्ची घातली. सॅव्हॉयमध्येच काम केलेल्या मामा लू पार्क्स तो बंद पडल्यानंतरही हार्लेममध्ये नर्तक घडवत होत्या, त्यांना हार्वेस्ट मून बॉल स्पर्धेत उतरवत होत्या.

लिंडी हॉप म्हणजे काय, याबद्दलच्या गोंधळाला जुने चित्रपटही कारणीभूत: पडद्यावर उड्याच लक्षात राहतात. गाभा मात्र आठ मात्रांचा स्विंगआउट, म्हणजे जोडीदाराला जवळ घेऊन पुन्हा दूर सोडण्याची मूळ चाल. 1-2 दोन पावलं, 3-4 मध्ये तीन जलद, 5-6 पुन्हा दोन, 7-8 मध्ये तीन. पाचव्या मात्रेला जोडीदाराला हाताने ढकललं की तोल जातो. तिथे फक्त सोडायचं.