मेहली मेहता : मुंबईचे व्हायोलिनवादक, लॉस एंजेलिसचे गुरुजी

जगप्रसिद्ध वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता हे नाव मुंबईला चांगलंच ठाऊक आहे. त्यांचे वडील मेहली मात्र अनेकदा 'झुबिनचे वडील' एवढ्यावरच उरतात. हा अन्याय आहे, कारण तरुण वादक घडवण्याचं त्यांचं काम फार मोलाचं आहे.

मेहलींचा जन्म १९०८ सालचा, मुंबईतल्या पारशी घरातला. व्हायोलिन ते बरंचसं स्वतःच शिकले. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवणारी मोठी संस्था शहरात नव्हती, त्यामुळे गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, नौदलाच्या बँडमधली माणसं अशी जुळवाजुळव करावी लागे. तालमींमध्ये छोटा झुबिन हजर असे आणि पुढे वडिलांना मदतही करू लागला.

१९४५ मध्ये, संसार आणि नाव दोन्ही असताना, मेहली न्यूयॉर्कला नामवंत व्हायोलिन-शिक्षक इव्हान गॅलामियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. नंतर मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग फिलाडेल्फियात कर्टिस या चार तंतुवादकांच्या चौकडीतलं वादन.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन तेव्हा तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक होते. मेहलींनी विद्यापीठात शिकवायला घेतलं आणि त्याच वर्षी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा वाद्यवृंद स्थापन केला. एकट्यानं खोलीत तासन् तास रियाज करणारा हुशार मुलगाही वाद्यवृंदात आला की चाचपडतो. पन्नास मात्रा गप्प बसून नेमक्या क्षणी सूर लावायचा, शेजारच्याचा गज वर जातो तेव्हा आपलाही वर न्यायचा, ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य ऐकून आपला आवाज आवरायचा. हे घरी शिकता येत नाही. शिक्षण आणि नोकरी यांच्यामधला हा टप्पा मेहलींनी ओळखला. स्वतः व्हायोलिनवादक असल्यानं गजाच्या बारकाव्यांवर त्यांची नजर पक्की होती. त्यांच्या हाताखालचे कित्येक वादक पुढे मोठ्या वाद्यवृंदांत गेले.

तीस वर्षांहून अधिक काळ, १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. २००२ मध्ये ते गेले. त्यांची यूथ सिम्फनी २०२४ मध्ये बंद पडली. मुंबईत मात्र १९९५ पासून त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी काम करतं आहे आणि मुलांना ते शिकवतंही आहे.