गन रॅट आणि टीआर-मायनस रॅट: पिवळे दोघेही, पण बिघाड वेगळा

‘आनुवंशिक कावीळ असलेले उंदीर वापरले’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की मी तिथेच थांबते. त्यात दोन प्रश्न अनुत्तरित राहिलेले असतात. पहिला, उंदीर म्हणजे माऊस की रॅट? बोलीत दोघांना एक शब्द पुरतो, प्रयोगशाळेत पुरत नाही. म्हणून मी सरळ ‘रॅट’ लिहिते आणि विद्यार्थ्यांनाही तेच लिहायला लावते. दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे: कावीळ कुठली? कारण औषधशास्त्राच्या वाचनात सतत भेटणारे दोन पिवळे रॅट आहेत आणि त्यांच्यातला फरक चुकला की पुढचा सगळा निष्कर्ष चुकतो.

गन रॅट बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या रॅटच्या कॉलनीत निघालेल्या या पिवळ्या पिल्लांचं वर्णन गन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलं. यकृतातलं यूजीटी-१ए१ हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात काम करत नाही. माणसात हाच बिघाड क्रिग्लर-नज्जार आजाराच्या पहिल्या प्रकारात दिसतो. तो आजार १९५२ साली नोंदवला गेला.

टीआर-मायनस रॅटचं वर्णन १९८५ साली अ‍ॅमस्टरडॅमहून आलं. तोही विस्टारमधूनच निघालेला. त्याच्यात यकृताच्या पेशीतून पित्तात माल ढकलणारा एमआरपी-२ नावाचा पंप नाही, हे १९९६ साली जनुकाच्या पातळीवर सिद्ध झालं. माणसातलं त्याचं भावंड म्हणजे १९५४ साली वर्णन झालेला डुबिन-जॉन्सन आजार. जपानमधला आयसाई रॅट याच घरातला. तो स्प्राग-डॉली जातीतून आला आणि त्याच जनुकात पण वेगळ्या जागी बिघडला. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गोंधळ का होतो ते मला समजतं. दोघे विस्टार वंशाचे, दोघांचा दोष अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. दोघांच्याही जनुकात एकेक अक्षर गळालेलं आहे. त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन नीट बनत नाही. दोघांचं एकूण बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारा आणि साचला की कावीळ दाखवणारा पिवळा रंग, वाढलेलं. दोघांच्या पित्तनलिकेत खडा नाही, यकृतात सूज नाही. म्हणून ‘यकृत खराब झालेला रॅट’ हे वर्णनही मला खटकतं. एक पायरी सोडली तर यकृत शाबूत आहे, म्हणून तर हे रॅट इतके मोलाचे.

आता खऱ्या अडचणीकडे. माझ्या अनुभवात विद्यार्थी जनुकात अडखळत नाहीत, ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ या दोन शब्दांत अडखळतात. रक्ततपासणीच्या कागदावर हे शब्द घरोघरी पोचले आहेत. शंभरातल्या बऱ्याच जणांना वाटतं, डायरेक्ट म्हणजे फुटलेल्या तांबड्या पेशींतून थेट रक्तात आलेलं आणि इनडायरेक्ट म्हणजे यकृतातून वळसा घेऊन आलेलं. तर्क सरळ वाटतो, पण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

ही नावं शरीरातल्या प्रवासावरून पडलेली नाहीत, परीक्षानळीतल्या प्रतिक्रियेवरून पडली आहेत. व्हॅन डेन बर्ग यांच्या चाचणीत काही रक्तनमुने अभिकारक (रंग आणणारं रसायन) टाकताच रंग देत, तर काहींना आधी अल्कोहोल घालावं लागे. पहिल्यांचं बिलिरुबिन डायरेक्ट, दुसऱ्यांचं इनडायरेक्ट. पुढे उलगडा झाला तो असा. यकृताच्या पेशीत यूजीटी-१ए१ बिलिरुबिनला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं. असं जोडलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं, म्हणून अभिकारकाला लगेच भेटतं. न जोडलेलं पाण्यात विरघळत नाही, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, त्याला मोकळं करायला अल्कोहोल लागतो. म्हणजे यकृतातून संस्कार होऊन आलेलं ते डायरेक्ट आणि संस्कार न झालेलं ते इनडायरेक्ट. मी वर्गात हे दोन शब्द फळ्यावरून पुसून टाकते आणि ‘जोडलेलं’ व ‘न जोडलेलं’ एवढंच ठेवते. मराठीतले हे साधे शब्द इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त खरं सांगतात.

हे पक्कं झालं की दोन्ही रॅट समोर ठेवा. बिलिरुबिन रक्तातून यकृताच्या पेशीत शिरतं, तिथे त्याला आम्ल जोडलं जातं, मग पेशीच्या पित्ताकडच्या भिंतीवरचा एमआरपी-२ पंप त्याला पित्तात ढकलतो. गन रॅटमध्ये जोडणीच होत नाही. टीआर-मायनसमध्ये जोडणी व्यवस्थित होते, पण बाहेर जायचं दार बंद आहे. अडकलेला माल पेशीच्या रक्ताकडच्या बाजूने, एमआरपी-३ सारख्या वाटेने, मागे रक्तात फिरतो. म्हणून गनच्या रक्तात न जोडलेलं साचतं, टीआर-मायनसच्या रक्तात मुख्यतः जोडलेलं.

बाकी सगळे फरक यातूनच निघतात, पाठांतराची गरज नाही. लघवीचंच बघा. मूत्रपिंड पाण्यात विरघळणारंच बिलिरुबिन बाहेर टाकू शकतं. टीआर-मायनसच्या लघवीत ते उतरतं, गनच्या लघवीत नाही. गन यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘लघवीत पित्तरंग नसलेली कावीळ’ अशा अर्थाचा शब्द आहे. तरीही एका सेमिनारमध्ये ‘गन रॅटची लघवी गडद असते’ हे ठामपणे सांगितलेलं मी ऐकलं आहे. मुलगी हुशार होती. तिने ‘डायरेक्ट’चा अर्थ उलटा घेतला आणि तिथून पुढे तर्काने बरोबर चालत गेली.

मेंदूची गोष्ट याहून गंभीर. न जोडलेलं बिलिरुबिन चरबीत विरघळतं. अल्ब्युमिनवरची जागा संपली किंवा कोणी बळकावली, की ते मोकळं होऊन मेंदूत शिरतं. गन रॅटचा लहान मेंदू (सेरेबेलम) अनेकदा खुरटलेला असतो. त्यांना सल्फा गटातलं औषध दिलं की ते बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून हटवतं आणि पिल्लं झटक्यात आजारी पडतात. १९५०च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग टाळायला सल्फा दिलं गेलं, तेव्हा त्यांच्यात मेंदूची कावीळ आणि मृत्यू वाढल्याचं १९५६ साली दिसून आलं. असं का झालं असावं, हे या रॅटनी दाखवून दिलं. टीआर-मायनसच्या मेंदूला ही भीती नाही. त्याचं जोडलेलं बिलिरुबिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. मेंदूवरच्या परिणामांचा अभ्यास करायला कोणी टीआर-मायनस मागवला, तर वर्षभराची मेहनत वाया जाईल.

नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलेलं आपल्यापैकी कितीतरी घरांनी पाहिलं आहे. प्रकाशाने न जोडलेल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि जोडणीशिवायच ते पित्तात जाऊ शकतं. किरणोत्सारी खूण लावलेल्या बिलिरुबिनचा हा प्रवास १९७१ साली गन रॅटमध्येच मोजला गेला. हा दिवा जोडलेल्या बिलिरुबिनच्या काविळीवरचा उपाय नाही. म्हणून बाळाची कावीळ लांबली तर डॉक्टर एकूण आकड्यावर न थांबता डायरेक्टचा आकडा मागतात. तो वाढलेला असेल, शी पांढुरकी होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका येते आणि तिथे दिवस मोलाचे असतात.

यकृताचा रंग हा तुलनेने किरकोळ मुद्दा. डुबिन-जॉन्सन रुग्णांचं यकृत काळसर असतं, टीआर-मायनसचं नेहमीच्या खाद्यावर तसं होत नाही. विशिष्ट अमिनो आम्लं भरपूर दिली तर होतं. कॉरिडेल मेंढ्यांतही डुबिन-जॉन्सनसारखा बिघाड आढळतो, हे मला नेहमी लोभस वाटतं, पण परीक्षेत कोणी विचारणार नाही.

गन रॅटला ‘गिल्बर्टचा नमुना’ म्हणणं मात्र मी चालवून घेत नाही. गिल्बर्ट या सौम्य आनुवंशिक काविळीत विकर चांगलं असतं, फक्त कमी बनतं. गनमध्ये ते मुळातच निकामी आहे, म्हणून विकर वाढवणारं फेनोबार्बिटॉल हे औषध देऊनही त्याचं बिलिरुबिन उतरत नाही. वाढवायला काही शिल्लकच नाही. शिवाय गळालेलं अक्षर यूजीटी-१ए कुटुंबातल्या सगळ्या विकरांच्या सामाईक भागात आहे, त्यामुळे फक्त १ए१ नाही, अख्खं कुटुंब गेलेलं आहे. पॅरासिटामॉलची विषबाधा या रॅटना अधिक होते. यूजीटी-२बी ही शाखा मात्र शाबूत आहे. ‘गन रॅटमध्ये ग्लुक्युरॉनिक जोडणी होत नाही’ हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. कुठल्या औषधाची, ते सांगायलाच हवं.

टीआर-मायनसबद्दल अशीच खबरदारी. एमआरपी-२ फक्त बिलिरुबिनसाठी नाही. ग्लुटाथायोन हा पेशीत बनणारा छोटा रेणू आणि कितीतरी औषधांचे जोडलेले अंश त्याच दारातून पित्तात जातात. ग्लुटाथायोन बाहेर पडत नाही म्हणून या रॅटचा पित्तप्रवाहही मंद असतो. त्यातच रक्ताकडच्या भिंतीवरचा एमआरपी-३ वाढलेला असतो. एखादं औषध या रॅटच्या पित्तात कमी आलं, एवढ्यावर ‘हे औषध एमआरपी-२ नेतो’ असं लिहू नका. पित्ताचा प्रवाह मोजा, रक्तातलं आणि लघवीतलं प्रमाण शेजारी मांडा, आणि तो पंप वेगळ्या पेशींत बसवून औषध खरंच त्यातून जातं का ते बघा.